डोकं धरायचं काम

सकाळी सव्वासातला त्या घरात तिघांची कामं एकाच नळापाशी अडली होती. सासूबाईंना कवळी घासून हवी होती. नवरा पाण्याच्या पंपावरची रात्रपाळी संपवून नुकताच आला होता, त्याला हातपाय धुऊन अंग टाकायचं होतं. आणि ताईंना कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायची होती, तीही कुणाच्या नजरेला न पडता. तिघांत सगळ्यात घाईचं काम त्यांचं होतं, म्हणून नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ते सगळ्यात शेवटी लागलं होतं.

त्या कवळी घासत उभ्या होत्या. जुना ब्रश, साबणाचा एक थेंब, आतून अंगठा फिरवला की झालं. हे काम डोळे मिटून करता येतं, आणि आज त्या ते खरोखरच डोळे मिटून करत होत्या. डावीकडची खालची दाढ पहाटेपासून जागी होती. ठणका कानात जाई, कानातून मानेत उतरे, जरा दम खाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दाढेत लवंग दाबून धरलेली होती. तीन महिन्यांत लवंगांची आख्खी बरणी तळाला गेली होती.

"झाली का गं?" सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. दात तोंडात नसले की त्यांचं बोलणं मऊ होई, पण टोक काही बोथट होत नसे. "का माझी कवळी घालून तूच खायला बसलीस?"

"तुमची मला बसायची नाही, आई."

"न बसायला काय झालं? तोंड तर माझ्यापेक्षा मोठं आहे तुझं." मग जरा थांबून, "आणि त्या लवंगा जातात कुठे गं? घरात उंदीर झालेत का? दातदुखीचे?"

ताईंनी कवळी नळाखाली धरली. तेवढ्यात दार वाजलं. तीनदा, आणि तेही मुठीने.

"आली तुझी ओपीडी," नवरा टॉवेलात तोंड पुसत म्हणाला आणि आतल्या खोलीत पसार झाला.

यात नवीन काही नव्हतं. ताई सव्वीस वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होत्या, आणि आसपासची चार घरं डॉक्टरांच्या आधी त्यांच्याकडे येत. कुणाच्या मुलीचा दुधाचा दात हलायला लागलेला असे, कुणाची दातावरची टोपी घासात निघून आलेली असे. ती रुमालात गुंडाळून आणून ते ताईंच्या हातावर ठेवत, जशी काही ती ताईंच्याच घरातून हरवली होती. दातवाल्या ताई, हे नाव त्यांना कुणी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं.

दारात कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला उभा होता. आठ किलोची इस्त्री दिवसभर एका हाताने फिरवणारा माणूस. दंड असे, की शर्टाची बाही त्यांना कायम अपुरी पडे. हातात ताईंचा पांढरा कोट होता, कडक घडी घातलेला. हा कोट तो कधी घरी आणून देत नसे. कामावर जाताना ताईच त्याच्या टेबलावरून उचलत.

"आज घरपोच?" ताई म्हणाल्या.

"हो. म्हटलं, आपणच जावं." त्याने कोट पुढे केला आणि सोडलाच नाही. दोघांनी एका कोटाची दोन टोकं धरली होती. "ताई, माझं नाव खोडून टाका."

तीन दिवसांपूर्वी तो सुजलेला गाल हातात धरून दवाखान्यात आला होता. डॉक्टरांनी सूज उतरायच्या गोळ्या दिल्या, दाढ काढावीच लागेल म्हणून सांगितलं, आणि समोरच्या समोर स्वतःच गुरुवारची, म्हणजे आजची, साडेदहाची वेळ दिली. गोळ्यांनी सूज गेली, दुखणं गेलं आणि त्यांच्यामागोमाग हिंमतही गेली.

"दुखत नाही ना आता. मग कशाला काढायची?"

"गोळ्यांनी झोपलीय ती, भाऊ. गेलेली नाही. गोळ्या संपल्या की उठेल, आणि उठेल ती दुप्पट रागाने." बोलता बोलता ताईंना स्वतःचं बोलणं टोचलं. त्यांच्या पर्समध्ये तसल्याच गोळ्यांचं पाकीट होतं, त्यात दोन उरल्या होत्या. "आत या. बसा. चहा घेता?"

"चालेल ना चहा? की उपाशीपोटी यायचं असतं?"

"उपाशी कशाला? ऑपरेशन आहे का? उलट चार घास खाऊन या. उपाशी माणसाला सुई बघून चक्कर येते. तुमच्यासारख्याला उचलायला चौघं लागतील, आणि सकाळी दवाखान्यात आम्ही दोघंच." त्यांनी गॅसवर भांडं ठेवलं. "ब्लडप्रेशरची, शुगरची गोळी चालू आहे? रक्त पातळ व्हायची?"

"काही नाही."

"हृदयाचं काही?"

"ते आत्ताच चालू झालंय."

सासूबाई पलंगावर उठून बसल्या. करमणुकीची त्यांना भूक होतीच. ताईंनी धुतलेली कवळी त्यांच्या हातात दिली, चहा गाळला आणि इस्त्रीवाल्यासमोर स्टूल ओढून बसल्या. हे सगळं त्यांनी किती जणांना सांगितलं असेल, याची मोजदाद नव्हती. शब्द आपोआप येत, आणि हल्ली त्या शब्दांचाही शीण येई.

"आधी सुई. ती टोचते. टोचत नाही असं जो सांगेल तो खोटं बोलतो. दहा आकडे मनात मोजायचे, तोवर संपतं. मग ओठ जड होतो. असं वाटतं, की हा ओठ आपला नाहीच, शेजारच्याचा आपल्या तोंडाला लावलाय. मग डॉक्टर टोचून बघतात, कळतंय का. कळलं तर हात वर करायचा. लाज वाटून गप्प बसायचं नाही. आणखी औषध देतात."

"आणि मग ओढतात."

"ओढत नाहीत हो. सगळ्यांना वाटतं ओढतात. जमिनीतला खुंटा काढताना तुम्ही काय करता? आधी इकडेतिकडे हलवून जागा करता ना? तसं. दुखत नाही, पण दाबल्यासारखं होतं, चांगलंच होतं. आणि आवाज येतो. कट्ट. त्याला भ्यायचं नाही. आवाज दाढेचा असतो, तुमचा नसतो."

"माझ्या वेळी माझाच होता," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही चहा प्या."

"आणि रक्त?"

"येणारच. लाळेत मिसळून भांडंभर वाटतं, असतं चमचाभर. कापडाचा बोळा देऊ, तो पाऊण तास चावून धरायचा. त्या वेळात बोलायचं नाही, थुंकायचं नाही, काढून काढून बघायचं नाही. जागेवर रक्ताची गुठळी धरली पाहिजे, तेच जखमेचं झाकण. तुम्ही चुळा भरल्यात, नळीने काही ओढून प्यायलात, बिडी ओढलीत, की उडालं झाकण. आज गार आणि मऊ खायचं. उद्यापासून मिठाचं पाणी हळूच फिरवायचं. दोन दिवस थोडं दुखेल, गाल चढेल, ते चालतं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर तडक यायचं. आणि दोन दिवस इस्त्री बंद. वाकून जोर लावायचा नाही, शेक नको."

"दोन दिवस? आणि लोकांचे कपडे?"

"घालतील चुरगळलेले. आभाळ नाही कोसळत."

इस्त्रीवाल्याने चहा संपवला. कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, आत बघितलं. "ताई, तुम्ही काढलीय का कधी?"

"नाही."

"मग एवढं कसं माहीत?"

"सगळ्यांची डोकी धरते ना."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. "एक बोलू? तुमच्या तोंडाला लवंगेचा वास येतोय. आणि चहा तुम्ही एकाच बाजूने प्यायलात."

"साडेदहाला या," ताई म्हणाल्या. "मी असेन."

दार लावून त्या मोरीपाशी गेल्या. मिठाचं पाणी केव्हाच गार झालं होतं.

दवाखाना वह्या-पुस्तकांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होता. एकोणीस पायऱ्या. पूर्वी ताईंना पायऱ्या किती आहेत हे ठाऊक नव्हतं. ते गेल्या दोन-तीन वर्षांतलं ज्ञान होतं. बाराव्या पायरीवर त्या थांबल्या, उजवा खांदा चोळला आणि पुढे निघाल्या.

या दवाखान्यात त्या पहिल्यांदा आल्या त्या सासूबाईंना घेऊन. सासूबाईंचे शेवटचे चार दात काढायचे होते आणि त्या खुर्चीत अशा काही मान झटकत होत्या, की डॉक्टरांना तोंड सापडेना. तेव्हाची मदतनीस आठवड्यापूर्वी नोकरी सोडून गेली होती. डॉक्टर तरुण होते, घामाघूम झाले होते. ते म्हणाले, "बाई, जरा डोकं धरता का?" ताईंनी धरलं. डावा तळवा कपाळावर, उजवा हात जबड्याखाली. सासूबाईंचा चेहरा बघवेना म्हणून त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, ती सासूबाईंच्या पायांवर पडली. आणि त्यांना दिसलं, की दुखायच्या क्षणभर आधी पायाची बोटं आखडतात. आवाज नंतर निघतो. पुढच्या वेळी बोटं आखडताच त्यांनी डॉक्टरांच्या कोपराला आपलं कोपर टेकवलं. डॉक्टर थांबले. बोटं सुटली. ते पुन्हा सुरू झाले. चार दात निघाले तरी सासूबाई किंचाळल्या फक्त एकदा, आणि ते आपलं कुणी ऐकतंय ना एवढं बघायला.

डॉक्टर हात धुताना म्हणाले होते, "उद्यापासून येता का?"

तेव्हापासून दारावर पाटी होती, चपला बाहेर काढाव्यात. पेशंटना वाटे स्वच्छतेसाठी. ती ताईंनी लावून घेतली होती, पायाची बोटं दिसावीत म्हणून. सव्वीस वर्षं त्या दोघांचं हे असं चाललं होतं. डॉक्टर तोंडात बघत, ताई पायांकडे बघत, आणि मधलं सगळं बोलणं दोन कोपरांत होई.

गेल्या वर्षी कधीतरी ताईंची नजर पायांवरून वर आली आणि डॉक्टरांच्या उजव्या अंगठ्यावर थांबली. अंगठा कापत होता. फार नाही. चहाच्या कपात चमचा किणकिणेल इतपत. पुढे डॉक्टर कपाऐवजी पेल्यातून चहा घ्यायला लागले, दोन्ही हातांनी. मग एक दिवस एका मुख्याध्यापकांची दाढ काढताना पक्कड सटकली आणि त्यांचा ओठ फाटला. मुख्याध्यापक ओरडले. ताई पटकन म्हणाल्या, "माफ करा, माझा हात हलला." डॉक्टर गप्प राहिले. त्या दिवशी त्यांनी हात धुवायला फार वेळ लावला.

तेव्हापासून ताईंनी दोन गोष्टी सुरू केल्या. एक म्हणजे जबडा इतका घट्ट धरायचा, की अंगठा थरथरला तरी पकड सटकू नये. त्यातच खांद्याची वाट लागली. दुसरी म्हणजे डायरीत अवघड दाढा संध्याकाळी लिहायच्या. संध्याकाळी डॉक्टरांची मुलगी असे, तीही दातांचीच डॉक्टर. ती दिवसा कॉलेजात शिकवी आणि चारनंतर इथे येई. पेशंट तिला छोट्या बाई म्हणत. लहानपणी ती याच दवाखान्यात टेबलाखाली बसून अभ्यास करी, आणि तिचा पहिला दुधाचा दात ताईंनीच हलवून हलवून काढला होता. ताईंना ती अजून मावशी म्हणे. तिचा हात मात्र दगडासारखा स्थिर होता.

आणि म्हणूनच ताई तीन महिने गप्प होत्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं, तर गाव जरी मोठं असलं तरी दातांचे डॉक्टर एकमेकांना ओळखतात. संध्याकाळी छोट्या बाईंसमोर तोंड उघडावं, तर त्याचा अर्थ डॉक्टरांना त्याच क्षणी कळला असता, की जी बाई सव्वीस वर्षं आपल्या हातांशेजारी उभी राहिली, तिचाच आता या हातांवर भरवसा नाही. आणि डॉक्टरांकडूनच काढावी, तर त्या अंगठ्याची भीती वाटत होती. सगळ्यांना धीर देणाऱ्या बाईला भीती वाटत होती, आणि हे सांगायला कुणी नव्हतं. राहता राहिल्या लवंगा.

इस्त्रीवाला दहा वाजून दहा मिनिटांनीच येऊन बसला. ठेवणीतला शर्ट घालून आला होता, जसा काही मुलगी बघायला निघालाय. चपला त्याने बाहेर काढल्या. पायाची बोटं जाडजूड होती, ताईंना बरं वाटलं. अशी बोटं लपवालपवी करत नाहीत.

सुई झाली. ओठ शेजारच्याचा झाला. लाळ ओढून घेणारी नळी ओठाच्या कोपऱ्यात अडकवून ताई खुर्चीमागे उभ्या राहिल्या. डावा तळवा कपाळावर, उजवा हात जबड्याखाली.

"हे बघा, आता दाब," त्या म्हणाल्या. "फक्त दाब."

डॉक्टरांनी दाढ सैल करायचं चपटं हत्यार घेतलं. बोटं शांत होती. मग पक्कड. इकडे, तिकडे, इकडे. कट्ट. इस्त्रीवाल्याचे डोळे मोठे झाले. पण आवाज निराळा होता आणि तो ताईंनी लगेच ओळखला. दाढेचं डोकं तेवढं पकडीत आलं होतं, एक मूळ आत राहिलं होतं.

असं होतं. कुणाच्याही हातून होतं. डॉक्टर "हं" म्हणाले आणि बारीक हत्यार मागितलं. बारीक हत्याराला बारीक पकड लागते, आणि बारीक पकडीत अंगठा एकटा पडतो. टोक मुळापाशी जाई आणि थरथरून बाजूला सरके. पुन्हा जाई, पुन्हा सरके. डॉक्टरांच्या भुवईवर घाम आला. ताईंनी जबडा आणखी घट्ट धरला. खांद्यातून कळ निघाली, तिने दाढेतल्या कळेला हाक दिली आणि दोघी मिळून कानात जाऊन बसल्या. इस्त्रीवाल्याची बोटं आखडली. कोपराला कोपर. डॉक्टर थांबले. पुन्हा औषध. पुन्हा सुरुवात.

जिन्यावर पावलं वाजली. कॉलेजच्या परीक्षा आदल्या दिवशी संपल्या होत्या, त्यामुळे छोट्या बाई सकाळीच आल्या होत्या. त्या दारात येऊन थबकल्या. वडिलांच्या हाताकडे बघितलं, ताईंकडे बघितलं. ताईंनी अगदी किंचित मान हलवली. नको. छोट्या बाई चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

आणखी बारा मिनिटांनी मूळ आलं. छोटंसं, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढं. डॉक्टरांनी ते ट्रेमध्ये ठेवलं आणि स्टुलावर बसले, म्हणजे जवळजवळ पडलेच.

"आलं," ते म्हणाले.

ताईंनी बोळा दिला. इस्त्रीवाल्याने तो चावला आणि अंगठा वर केला. त्याचा अंगठा कसा, खुंटासारखा स्थिर. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"उठू नका लगेच. पाच मिनिटं इथे, मग बाहेर बाकावर. बोलायचं नाही, थुंकायचं नाही," ताई म्हणाल्या आणि ट्रे उचलायला वाकल्या. वाकताच सगळं रक्त जसं काही त्या एका दाढेत उतरलं. ट्रे वाजला. त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा इस्त्रीवाला हातवारे करत होता. आधी ताईंकडे बोट. मग स्वतःच्या डाव्या गालावर तळहात. मग नाक वर करून दोनदा वास घेतला. मग तोंडाच्या उजव्या बाजूने चहा पिऊन दाखवला. एवढ्या दांडग्या माणसाचा हा मूकनाट्याचा प्रयोग बघून छोट्या बाईंना हसू यायला लागलं, पण ते ओठांवरच राहिलं.

"काय म्हणतायत हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. भाऊ, बोलायचं नाही म्हटलं ना तुम्हाला!"

"बोलत कुठे आहेत? नियम पाळतायत ते." डॉक्टर उठले. "ताई, तोंड उघडा."

"बाहेर पेशंट आहेत, डॉक्टर."

"आहेत. बसतील. त्यांना तुम्हीच सांगता ना, घाई करायची नाही म्हणून."

इस्त्रीवाल्याने खुर्ची रिकामी केली, अगदी अदबीने, आणि बाहेर जाताना उशीवरचा कागदसुद्धा बदलायला गेला. ताईंनी त्याला हाताने हाकललं.

सव्वीस वर्षांत त्या या खुर्चीत बसल्या होत्या त्या दिवा नीट पडतोय का हे बघण्यापुरत्या, तेही काठावर. आज पाठ टेकली. पेशंट नेहमी म्हणत, की छतावर एक डाग आहे, अगदी बदकासारखा. ताईंना तो कधी दिसला नव्हता. त्यांची नजर कायम खालीच. त्यांनी वर बघितलं. खरंच बदक होतं.

डॉक्टरांनी आरसा फिरवला. छोट्या बाईंनी एक्स-रे काढला. चित्र पडद्यावर आलं तेव्हा कुणी काही सांगायची गरज नव्हती. असे एक्स-रे ताईंनी हजारो बघितले होते. दोन मुळं, खाली आकड्यासारखी वळलेली. बुडाशी काळी सावली. आणि नस जवळ, फार जवळ.

"किती दिवस?"

"असतील पंधरावीस..."

"ताई."

"तीन महिने."

डॉक्टरांनी हातमोजे उतरवले. बेसिनपाशी गेले, हात धुवायला लागले. पाठमोरे असतानाच म्हणाले, "तीन महिने. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्याची तुम्ही कशी खरडपट्टी काढली असती, मी ऐकलंय रोज."

ताईंनी पडद्यावरून नजर काढून घेतली.

"अवघड दाढा नेहमी संध्याकाळीच का येतात, हे मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला? डायरी मीही वाचतो."

"बाबा," छोट्या बाई म्हणाल्या.

"थांब गं. आणि मुख्याध्यापकांच्या दिवशी हात कुणाचा हलला, तेही मला माहीत आहे. त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं मी. नाही बोललो. लाज वाटली." त्यांनी नळ बंद केला. टॉवेल घेतला आणि वळले. अंगठा टॉवेलात होता, तरी दिसत होता. "तुम्हीच लोकांना सांगता ना, कळलं तर हात वर करायचा, गप्प बसायचं नाही. मग करा हात वर. सरळ सांगा. कुणी काढायची?"

बाहेरच्या खोलीत कुणीतरी खोकलं. छोट्या बाई ट्रेमधली हत्यारं उगाचच सरळ करत होत्या.

ताई बदकाकडे बघत राहिल्या. त्यांना भारी थकवा आला होता. दाढेचा होता, खांद्याचा होता, पण सगळ्यात जास्त तो लपवण्याचा होता. तीन महिने स्वतःची दाढ लपवली, वर्षभर दुसऱ्याचा अंगठा लपवला, आणि ज्यांच्यापासून लपवलं त्यांना सगळंच ठाऊक होतं. आता एकदा छोट्या बाईंचं नाव घेतलं, की डॉक्टर मान हलवतील, टॉवेल घडी करून ठेवतील आणि बाहेर जाऊन पेपर उघडून बसतील. आज बसतील, मग उद्याही. आणि इथे आपल्या डोक्यामागची जागा रिकामी राहील. त्या जागेवर आजवर त्या सोडून कुणी उभंच राहिलेलं नव्हतं. पायाकडे बघायचं असतं, हे या खोलीत आणखी एकाच माणसाला माहीत होतं.

गडबडीत ताईंच्या दवाखान्यातल्या कामाच्या चपला पायांतच राहिल्या होत्या. ताईंनी एका पायाने दुसऱ्या पायातली काढली, मग पहिल्यातली. दोन्ही चपला खुर्चीखाली फरशीवर पडल्या. मग त्यांनी हात वर केला.

"दाढ छोट्या बाई काढतील," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्ही माझं डोकं धरा."